लास्ट पीस

चाकण
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मिनलचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. परवा संध्याकाळी फोनवर तू मला विचारलंस की मी पिऊन बोलतेय का. मी फोन ठेवला आणि ठरवलं की आता तुझ्याशी कागदावरच बोलायचं. कागदावर जीभ जड होत नाही.

आत्या, मी पीत नाही. हे वाक्य मला तुला लिहून द्यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. अण्णांच्या घरात वाढलेली मुलगी मी. बाप रोज कसा घरी यायचा ते मी पाहिलंय आणि तूही पाहिलंयस. धम्मरत्नपासून वेगळी झाल्यावर एकटी राहते म्हणून मी बापाच्या वाटेनं गेले, असं तुला आणि नागसेनदादाला वाटत असेल, तर मग मी काय बोलू?

संध्याकाळी आवाज नाकातून येतो, शब्द एकमेकांना चिकटतात, हे मलाही कळतं. थकवा असेल. फर्स्ट शिफ्ट सातची असते, म्हणून पाचला उठते. मग साडेतीनपर्यंत टेबलापाशी उभी. ब्रेकचे पार्ट आहेत, प्रत्येक पीस गेजच्या मापाला लावून बघायचा, डोळ्याखालून घालायचा. वाईट पीस सुटला तर कुठल्या तरी रस्त्यावर कुणाची तरी गाडी थांबणार नाही. हे डोक्यात असलं की माणूस थकतोच. आमचा सुपरवायझर प्रीतम मला झोपाळू मॅडम म्हणतो. पॅकिंगची फरहीन त्याला म्हणाली की तू एक दिवस उभा राहून दाखव, मग नावं ठेव.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस?

तुझा लोभ फोनबरोबर कट झाला नसेल, एवढीच आशा.
तुझी,
मिनल


तळेगाव दाभाडे
२६ जानेवारी २०२५

चि. मिनल हिस,
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं आणि बरं वाटलंही नाही. तुझं अक्षर बघितलं. पहिलं पान मोत्यासारखं. दुसऱ्या पानावर मुंग्या सांडल्यासारखं, आणि शेवटी तर ‘लोभ’ हा शब्द मी अंदाजानं वाचला. दोन पानांच्या मधे उठून काय केलंस, ते तेवढं कळव.

रागावू नकोस. मी तीस वर्षं मावळात दारोदार फिरून कुष्ठरोगाचा सर्व्हे केलाय. पाठ दाखवा म्हटलं की माणसं काय काय सबबी सांगतात ते मला पाठ आहे. कुणी म्हणायचं, आमच्यात न्हाई कुणाला. कुणी म्हणायचं, हा डाग व्हय, ह्यो जन्माचाच हाय. ज्याला डाग नसायचा तो मुकाट्यानं सदरा काढायचा. फार बोलायचा तो नेमका डागवाला निघायचा. तू पत्रात फार बोललीस.

पुढच्या रविवारी सकाळी मी येते. आम्ही सर्व्हे नेहमी सकाळीच करायचो. माणूस कामाला निघायच्या आत दारात गाठायचा, म्हणजे त्याला तयारीला वेळ मिळत नाही. स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. तेल लावते. बाटलीकडे बघतेही.

रागापेक्षा लोभ जास्त आहे, हे धरून चाल.
तुझी आत्या,
कस्तुरा


तळेगाव दाभाडे
३ फेब्रुवारी २०२५

चि. नागसेन यास,
अ. उ. आ. सप्रेम जयभीम.

तू म्हणशील, वाकडला तीन तीन फोन असताना आत्या पत्र कशाला लिहिते. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ही गोष्ट सूनबाईच्या कानावर जायला नको, म्हणून.

काल आठ वाजता मिनलच्या दारात होते. अंघोळ करून, केस विंचरून, पेपर वाचत बसलेली. बोलणं खणखणीत. डोळे स्वच्छ. जीभ, हात, चाल, सगळं मी माझ्या पद्धतीनं बघितलं. इतकं नीट होतं की मलाच शंका आली. आपली पोरगी रविवारी सकाळी आठला इतकी नीट कधी असते?

ती दूध आणायला खाली गेली तेव्हा मी घर बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. तीन गोष्टी सापडल्या. काळा गॉगल, तोही घरात, खिडकीपाशी. डब्यात भाकरी नाही, पोळी नाही, सगळी पेज आणि पातळ खिचडी. आपला अण्णाही शेवटच्या वर्षी असंच पातळ खायचा, आठवतं ना? आणि कपाटात जखमेला लावायच्या चिकटपट्टीचं रीळ. जखम मात्र अंगावर कुठं नाही. या पट्टीचा अर्थ मला लागला नाही. बाकी दोन गोष्टींचा लागला.

मी अकराच्या गाडीनं परत आले. संध्याकाळी साडेसहाला तिच्या शेजारणीला फोन लावून मिनलला द्यायला सांगितलं. तीच सकाळची बाई, पण बोलणं बोबडं, घोगरं, जसा अण्णाच बोलतोय. म्हणजे संध्याकाळीच काहीतरी होतं.

ती मशीनच्या जगात काम करते. एखाद्या दिवशी हात अडकला तर तू आणि मी काय तोंड दाखवणार? मी आयुष्यभर जे काम केलं तेच आता करणार आहे. तू मधे पडू नकोस, आणि तिला काही बोलू नकोस.

मुलाला मुका. लोभ कमी करू नकोस.
तुझी आत्या,
कस्तुरा


चाकण
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मिनलचा सविनय जयभीम. वि. वि.

मला कंपनीनं कारणे दाखवा नोटीस दिली आहे. कामाच्या वेळेत नशेच्या अवस्थेत असल्याची माहिती मिळाली, असं लिहिलंय. चौकशी होईपर्यंत गेजला हात लावायचा नाही. अकरा वर्षांची नोकरी आहे, आत्या. चौकशीत दोषी ठरले तर घरी.

माहिती कुणी दिली ते सांगत नाहीत. वेल्फेअरच्या सुमनताई माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मला पक्की खात्री आहे, हा प्रीतमच. गेले दोन महिने शेवटच्या तासाला तो माझे तपासलेले पीस गुपचूप परत उघडून बघतो. मी वळले की खोका बंद करतो. पुरावे गोळा करत होता. मी फरहीनला सांगितलंय की त्याच्या डब्यातलं लोणचं आजपासून बंद.

कंपनीच्या डॉक्टरांनी मला तपासलं. कधी, तर सकाळी सव्वासातला. बीपी बघितलं, टॉर्च मारला, एका रेषेत चालवलं आणि फिट लिहिलं. मला आनंद झाला. पण ते म्हणाले की तब्येतीत काही दोष नाही, याचा अर्थ दुपारी जे दिसतं ते आजाराचं नाही. म्हणजे माझी तब्येतच माझ्याविरुद्ध साक्षीदार झाली.

घरी येताना मला एकदम सुचलं. आमच्याकडे मशीन सुरू झालं की फर्स्ट पीस तपासतात. पण तेवढ्यावर कुणी मशीन ओके धरत नाही. टूल झिजतं, मशीन तापतं, माप सरकतं. लास्ट पीस बघितल्याशिवाय शिफ्ट बंद होत नाही. माझा आजपर्यंत सगळ्यांनी फर्स्ट पीसच बघितलाय. डॉक्टरांनी आणि, राग मानू नकोस, तूसुद्धा.

आता तुला खरं सांगते. दुपारी दोननंतर मला एकाचे दोन पीस दिसतात. डावी पापणी पडते, ती मी चिकटपट्टीनं वर लावून गॉगल घालते. भाकरी चावता चावता जबडा थांबतो. तुला सांगितलं नाही, कारण तू आधीच निकाल देऊन बसली होतीस.

लोभ असेल तर या वेळी दाखव.
मिनल


चाकण
२ मार्च २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

फरहीननं मला धरून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथंही सकाळचीच वेळ. श्रद्धा नावाची तरुण डॉक्टर होती. तिला मी लास्ट पीसचं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, मग आपण तो इथंच तयार करू. मला पडद्याच्या दांडीकडे एकटक वर बघायला लावलं. डोळे खाली आणायचे नाहीत. दीड मिनिट झालं असेल, आणि डावी पापणी दुकानाचं शटर पडावं तशी खाली आली. मग तिनं हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर धरला. दोन मिनिटांनी काढला तर पापणी वर! फरहीन इतक्या जोरात ‘या अल्लाह’ म्हणाली की बाहेरची रांग आत डोकावली.

पुढे रक्त तपासलं, बारीक शॉक देऊन नसांची तपासणी झाली. आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसांचा निरोप स्नायूपर्यंत जिथं पोचतो, त्या दारावर शरीराचेच पहारेकरी चालून जातात. घरच्याच माणसाला चोर समजतात. थोडा वेळ निरोप पोचतो, मग पोचेनासा होतो. म्हणून सकाळी मी मिनल आणि संध्याकाळी बेवडी. गोळ्या सुरू झाल्यात. पहिल्या गोळीनंतर मी अर्धी भाकरी खाल्ली आणि रडले.

मी डॉक्टरांना विचारलं, असा आजार किती जणांना असतो? त्या म्हणाल्या, कुठे लाखात पाच-सात, कुठे वीस-पंचवीस, देशादेशाचे आकडे वेगळे. तरुण बायकांत आणि उतारवयाच्या पुरुषांत जास्त दिसतो. आपल्याकडे नीट मोजणीच फारशी झालेली नाही.

आत्या, एक विचारायचंय. अण्णांच्या पापण्याही अशाच जड असायच्या ना? तेही तेच असेल का? आपण उगाच त्यांना नावं ठेवली का?

चौकशी महिनाअखेरीला आहे. पत्र लिही. तुझ्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.
तुझी,
मिनल


वाकड
६ मार्च २०२५

ती. आत्या,
साष्टांग जयभीम.

शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चुका पोटात घाल. मिनीनं मला रिपोर्ट पाठवला. मी तो तीनदा वाचला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, ते तुलाच सांगू शकतो. मला वाटलं की हिनं इंटरनेटवर शोधून एक छान सबब काढली.

तू हिशेब कर. दारू पिणारे शंभरात किती, आणि हा आजार असणारे लाखात किती? त्यातून अण्णांची मुलगी. डोळे मिटून पैज लावायची तर कुठल्या बाजूला लावशील? मी दिवसभर असल्याच आकड्यांवर पोट भरतो. रिपोर्टवर शिक्का आहे, सही आहे, तरी माझं मन त्या शंभरवाल्या बाजूलाच जाऊन बसतं. मी वाईट भाऊ आहे का?

दुसरी गोष्ट. मिनी फोनवर प्रीतमला शिव्या देते आणि मी हो हो म्हणतो. सुमनताईंना पत्र कुणी लिहिलं हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. तू सांग, नाहीतर मी सांगतो. पण तू सांगितलेलं बरं.

लोभ राहू दे, माझ्यावरही.
नागसेन


तळेगाव दाभाडे
१२ मार्च २०२५

चि. मिनल हिस,
अ. उ. आ. सप्रेम जयभीम.

हे पत्र बसून वाच. सुमनताईंना तुझ्याबद्दलचं पत्र मी लिहिलं. प्रीतमचा त्यात काही हात नाही.

जुन्या महिला मंडळातली त्यांची माझी ओळख. मी लिहिलं की मुलीला व्यसन लागलंय, मशीनवर अपघात व्हायच्या आत उपचाराला पाठवा. आमच्या कामात कळवणं म्हणजे उपकार होता. रुग्ण कळवला की गोळ्या सुरू व्हायच्या, बोटं वाचायची. कळवल्यावर कुणाला नोटीस येते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुझं पत्र वाचून मी चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि चारही वेळा गुडघ्यांबद्दल लिहून फाडलं.

आता अण्णाचं. नाही, बाळा. तो पीतच होता. बाटल्या मी स्वतः उचलल्यात आणि गुत्त्यावरून त्याला आणायलाही गेलेय. तुझ्या आजाराच्या पाण्यानं त्याला धुवायला जाऊ नकोस. तो तसा होता, आणि तरी माझा भाऊ होता. तू मात्र तशी नाहीस. मी एका माणसाचं माप दुसऱ्याला लावलं, ही माझी चूक.

नागसेनला तुझ्यापेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास आहे. त्याला मी लिहिलंय, तुलाही सांगते. मी नवीन असताना शेजारच्या हद्दीत सर्व्हेचे एक कामगार होते, मारुतराव. त्यांच्या सहा गावांत वर्षानुवर्षं रुग्ण शून्य. मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक व्हायचं. त्यांची बदली झाली आणि ती गावं माझ्याकडे आली. पहिल्या वर्षात अकरा रुग्ण सापडले. वरून मला विचारणा आली की तुमच्या हद्दीत रोग का वाढला. रोग वाढला नव्हता. मारुतराव पारावर चहा पिऊन रजिस्टर भरायचे.

म्हणून कुणी लाखात पाच म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, मोजायला कोण गेलं होतं आणि किती वाजता? पिंपरी-चिंचवडची वस्ती पंचवीस-तीस लाख तरी असेल. लाखाला दहाच धर, तरी अडीचशे-तीनशे माणसं झाली. कुठं आहेत ती? कुणाला बेवडा म्हणून काढलं असेल, कुणाला कामचुकार म्हटलं असेल, एखादीला सासरच्यांनी सोंगाडी म्हणून माहेरी धाडलं असेल. मी मारुतरावांना हसत होते. पण ते निदान दारात गेले नाहीत म्हणून चुकले. मी दारात गेले, घरात शिरले, कपाट उघडलं, आणि तरी शून्य लिहून आले.

सुमनताईंना दुसरं पत्र लिहिलंय. पहिलं खोटं होतं आणि ते मीच लिहिलं होतं, असं सहीनिशी. तुझ्यापुढे यायची हिंमत नाही.

लोभ मागायचा हक्क मला आज नाही.
कस्तुरा


चाकण
६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही. मुद्दामच. तुझं पत्र मी फाडलं नाही एवढंच. नागसेनदादा दोनदा येऊन गेला, तुझी बाजू मांडायला लागला की मी भांडी घासायला उठायचे.

चौकशी अठ्ठावीस तारखेला झाली. मी अर्जच दिला होता की ती दुपारी तीनला, पूर्ण शिफ्ट उभं राहून झाल्यावर घ्या. श्रद्धा डॉक्टरांना विचारून दुपारची गोळी थोडी पुढे ढकलली. आधी मला यंत्रात फुंकायला लावलं. शून्य. मग मोठ्यानं आकडे म्हणायला सांगितले. तीसपर्यंत ठीक, चाळीसला आवाज नाकात गेला, पन्नास कुणाला कळलंच नाही. पापणीही त्यांच्या डोळ्यांदेखत पडली. कंपनीचे डॉक्टर खुर्चीवरून उठून जवळ आले. एका साहेबांनी तरी विचारलंच, लाखात इतके कमी म्हणता, मग नेमका आमच्याच लाइनवर कसा? मी म्हटलं, साहेब, लाखातल्या प्रत्येकाला कुठल्या तरी लाइनवर असावंच लागतं.

सुमनताईंनी तुझी दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली. तिसरा कागद प्रीतमचा होता. दोन महिने शेवटच्या तासाचे माझे पीस तो परत तपासत होता, सतरा चुकीचे त्यानं बाजूला काढले आणि कुणाला सांगितलं नाही. एकही वाईट पीस बाहेर गेलेला नाही, असं त्यानं लिहून दिलं. मला खूप लाज वाटली. लोणचं पुन्हा सुरू झालंय. नोटीस मागे घेतली. आता मला बसायला स्टूल मिळालंय, शेवटचे दोन तास कागदाचं काम, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघणार. नोकरी आहे.

पण हे कळवायला मी लिहीत नाहीये. ईदला फरहीननं घरी बोलावलं होतं, पिंपरी कॅम्पात. तिचे वडील मीरासाहेब, सत्तरीचे, गाड्यांचे मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी गॅरेज सोडलं, नट एकाचे दोन दिसायला लागले म्हणून. घरचे म्हणाले, वय झालं. शीरखुर्मा त्यांनी आवडीनं खाल्ला. मटण आलं तेव्हा चार घास नीट चावले, मग हनुवटीखाली हात धरून जबडा वर ढकलायला लागले, आणि ताट सारलं. तिची अम्मी कमरुन्निसाचाची भडकल्या. म्हणाल्या, हे हल्ली असंच चाललंय. रोज्याच्या महिन्यात वाटलं की उपासानं होतंय, पण आज ईदलाही तेच. यांना माझ्या हातचं नको झालंय, बाहेरचं काही खात असतील. फरहीन माझ्याकडे बघायला लागली.

आणि आत्या, मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, म्हातारा सोंग करतोय. लेकीनं घरी माझा आजार रंगवून सांगितला असणार, यानं तो हनुवटीचा हात तिथूनच उचलला असणार, बायकोशी भांडायला नको म्हणून. हे मला वाटलं! दिवसातून तीन वेळा गोळ्या खाणाऱ्या मला. त्या घरात त्यांच्यावर सगळ्यात वाईट संशय कमरुन्निसाचाचींचा नव्हता, माझा होता, आणि तो यायला एक घाससुद्धा लागला नाही. तुला निदान अण्णांची आठवण होती. माझ्यापाशी तेवढंही कारण नव्हतं.

त्यांना तोच आजार आहे का, मला माहीत नाही. खरंच नाटक असेल, दात दुखत असतील, वयही असेल. मी चाचींना एवढंच म्हटलं की स्वयंपाक उत्तम झालाय आणि यांना एकदा दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, दवाखान्याला काय सांगू, नवऱ्याला मटण आवडत नाही? श्रद्धा डॉक्टरांनी त्यांच्यासाठी बावीस तारखेचा मंगळवार दिलाय.

सुमनताईंना तू जे लिहिलंस ते मी विसरेन असं वाटत नाही. तसं खोटं सांगणार नाही. पण तुझ्या जागी असते तर मी कसं वागले असते, हे त्या ताटाशी बसल्या बसल्या मला कळलं, आणि तुझ्यावर रागावून बसायला मला जागा उरली नाही.

आदल्या दिवशी, सोमवारी, इकडे मुक्कामाला ये. मंगळवारी आपण दोघी मीरासाहेबांबरोबर जाऊ. एकटी जायला मला नको वाटतं. माझ्या डोळ्यांवर माझा अजून भरवसा नाही.

लोभ उसवला होता. तू आलीस की दोघी मिळून टाके घालू.
तुझीच,
मिनल